नारेगावने गाड्या अडवल्या तेव्हा

यंदा आपल्या मंडळाच्या गणपतीत शाडूची मूर्ती होती, उसाच्या चिपाडाच्या पत्रावळ्या होत्या आणि दाराशी ‘हरित उत्सव’ असा फलकही होता. महाप्रसादानंतर मी आवरायला थांबले. पत्रावळ्या, उरलेला मसालेभात, पाण्याच्या बाटल्या, सगळं एकाच काळ्या पिशवीत गेलं. पत्रावळ्यांचं खत कोण करून देईल, हे आपण आधी विचारलंच नव्हतं.

मला माझं गाव आठवलं, छत्रपती संभाजीनगर. ओला-सुका वेगळा करा, हे तिथे वर्षानुवर्षं सांगितलं जात होतं. २०१६च्या केंद्राच्या नियमांनी ते बंधनकारकही केलं होतं. तरी शहराचा कचरा मिसळलेलाच नारेगावच्या डेपोवर जाई. त्याचा वास सिडकोत आमच्या घरी येत नव्हता. नारेगाव-मांडकीच्या लोकांच्या ताटापर्यंत येत होता. फेब्रुवारी २०१८मध्ये त्यांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या त्या अडवल्याच. शहरात चौकाचौकांत ढीग साचले. ७ मार्चला मिटमिट्याकडे कचरा नेण्याचा प्रयत्न झाला, तिथे दगडफेक, जाळपोळ, लाठीमार झाला. न्यायालयानेही नारेगावची वाट बंद केली. मग चिकलठाणा, पडेगाव, हर्सूल, कांचनवाडी इथे प्रक्रिया केंद्रांची कामं हलली आणि आईच्या ओट्याखाली दोन बादल्या आल्या.

सुट्टीत गेले तेव्हा चहाचा चोथा मी चुकून सुक्यात टाकला. आईने तो चमच्याने खरवडून ओल्यात टाकला. “अगं, मिसळलेला असला की गाडीवाला घेत नाही.” एवढंच तिचं कारण. पर्यावरणावर एकही भाषण न ऐकता ती रोज हे करते.

हरित असण्याची आवड फुकट जाते, असं मला म्हणायचं नाही. २०२१पासून खाम नदीच्या काठाची सफाई सुरू झाली, तेव्हा महापालिका, छावणी परिषद आणि इकोसत्त्व ही संस्था यांच्यासोबत नागरिकही उतरले. ती माणसं आवडीनेच आली. पण आवड काठापर्यंत नेते. नदीत उतरणारं सांडपाणी थांबवायला गटारवाहिन्या लागतात, शुद्धीकरण केंद्रं लागतात, ती चालवणारी माणसं आणि दरवर्षीचा पैसा लागतो. त्यासाठी कुणी सेल्फी काढत नाही, आणि म्हणूनच त्यासाठी भांडावं लागतं. नारेगावकर भांडले. त्यांच्या नाकाला कुणी विचारलं असतं, तर २०१८ची वेळ आलीच नसती.

आपली काळी पिशवीही कुठल्या तरी नारेगावला गेली. ते गाव इथे कुठे आहे, हे मंडळाने शोधावं आणि समितीने एकदा तिथे जाऊन यावं. पुढच्या वर्षी बाटल्या बंद करू, स्टीलची ताटं भाड्याने घेऊ, ओल्या कचऱ्याचं खत करून देणाऱ्याचे पैसे वर्गणीतच धरू. वर्गणी वाढेल, काहींना ते रुचणार नाही. सभेत त्यावर वाद होऊ दे. ताटं घासणाऱ्यांच्या यादीत माझं नाव पहिलं लिहा.