हवाच आहे ती!

१९८८ सालचा मे महिना. मी तेव्हा बँकेच्या औद्योगिक वसाहतीतल्या शाखेत लघुउद्योगांची कर्जं पाहत होतो. तारण मालाच्या तपासणीसाठी एका फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये गेलो. वर तापलेला पत्रा, शर्ट घामाने अंगाला चिकटलेला. मालक भला माणूस. गॅस कटिंग करणाऱ्या पोराला म्हणाला, "साहेबांना जरा वारा घाल रे." पोराने काळ्या बाटल्याची नळी उचलली आणि माझ्या टेरिलीनच्या शर्टात गार झोत सोडला. मग स्वतःच्या कपड्यांवरची धूळही त्याने त्याच नळीने उडवली. खोटं कशाला सांगू, मी आणखी थोडा वेळ तिथे उभा राहिलो.

तो प्राणवायू होता.

तीन महिन्यांनी पुन्हा गेलो तेव्हा पोरगा दिसला नाही. असेच कपडे झटकून तो बाहेर आला होता आणि त्याने विडी पेटवली होती. शर्ट एकदम भडकला. जीव वाचला, पण उजव्या हाताची बोटं पुढे कधी नीट मिटली नाहीत. "शर्टावर तेल सांडलं असेल, साहेब," मालक म्हणाला. शाखेत येऊन मी माझा मे महिन्याचा अहवाल काढला. यंत्रं, माल, आगीचा विमा, सगळे रकाने भरलेले. शेऱ्यात माझ्याच अक्षरात 'कामकाज व्यवस्थित'.

पुढे कादंबऱ्या लिहू लागलो तेव्हा वाटू लागलं, की थोडा दोष नावाचाही आहे. 'प्राणवायू' हा शब्दच इतका सोज्वळ, की त्याची भीती कुणाला वाटावी? हा वायू स्वतः जळत नाही, दुसऱ्याला जळायला मदत करतो. हवेत तो सुमारे २१ टक्के असतो. तो २४-२५ टक्क्यांवर गेला तरी आग चटकन लागते आणि झपाट्याने पसरते. कापडाच्या धाग्यांत तो अडकून राहतो. म्हणून अंगावर गेला तर निदान १५ मिनिटं मोकळ्या हवेत, विस्तवापासून दूर थांबावं. घरच्या गॅसला मुद्दाम वास दिलेला असतो; याला ना वास ना रंग. बंद खोलीत नळी गळली तर पत्ताही लागत नाही.

मोठमोठे तज्ज्ञही इथे चुकले आहेत. २७ जानेवारी १९६७ रोजी अपोलो १ यानाच्या जमिनीवरच्या चाचणीत, शुद्ध प्राणवायू भरलेल्या कक्षात आग लागून ग्रिसम, व्हाइट आणि चॅफी हे अंतराळवीर गेले.

सगळ्यात फसवं म्हणजे तेल. काहीही जड फिरू लागलं की दोन थेंब तेल सोडायचं, ही आपली शिवणयंत्रापासूनची सवय. भरलेल्या बाटल्यातला दाब बाहेरच्या हवेच्या सुमारे दीडशे पट असतो. चावी झटक्यात उघडली की रेग्युलेटरमध्ये वायू एकदम दाबला जाऊन कमालीचा तापतो, आणि तिथे तेल-ग्रीसचा पातळ थर असला तरी ठिणगीवाचून पेट घेतो. मग धातूसुद्धा जळतो, रेग्युलेटर फुटतो. हात, पाना, हातमोजे तेलकट नकोत. चावी सावकाश उघडावी, रेग्युलेटरच्या समोर उभं राहू नये. गळती शोधायला त्यासाठीच मिळणारं द्रावण वापरावं. काडी ओढून पाहणारे महाभाग मी पाहिलेत! धुळीला ब्रश आहे, उकाड्याला पंखा आहे.

२०२१च्या करोना लाटेत हाच वायू कितीतरी घरांत शिरला. आजाऱ्याच्या खोलीतच देवघर असेल तर समई आणि उदबत्ती दुसरीकडे हलवायला हवी, हे त्या धावपळीत अनेकांच्या ध्यानातही आलं नसेल.

त्या पोरानंतर निवृत्त होईपर्यंत प्रत्येक तपासणीत मी एक प्रश्न विचारत असे. छापील अर्जात त्याला रकाना नव्हता. कपडे कशाने झटकता? बहुतेक ठिकाणी पोरं हसायची आणि नळीकडे बोट दाखवायची. "हवाच आहे ती, साहेब."