खिशाला झेपेल अशी उभी जेट-स्की

रात्री साडेअकराला फोन वाजला की समजायचं, सम्याला काहीतरी विकत घ्यायचंय.

"मिळाली रे! सुपरजेट! रंग बघशील तर वेडा होशील."

"इंजिन?"

"चकाचक. फ्रेश रीबिल्ड."

झालं. माझी झोप उडाली. तीन वर्षांपूर्वी याच दोन शब्दांनी माझे अठराशे डॉलर पाण्यात घातले होते. अक्षरशः पाण्यात! त्या गाडीचं इंजिन दुसऱ्याच दिवशी तळ्याच्या मधोमध जॅम झालं आणि एका मासेमारीवाल्या आजोबांनी मला दोरीने ओढत किनाऱ्यावर आणलं. उघडून बघितलं तर पिस्टन नवे कोरे होते. क्रँकचं सील मात्र जुनंच, तिथून हवा आत शिरत होती. हवा जास्त, पेट्रोल-ऑइल कमी, मग पिस्टन तापून चिकटणार नाही तर काय? विकणाऱ्याने फोन उचलणं बंद केलं, हे सांगायला नकोच.

तर दोस्तहो, या आठवड्यात आपल्या कॉलममध्ये जरा हटके खरेदी. सम्या आणि मी दोघेही फिनिक्समध्ये. तो कोथरूडचा, मी डोंबिवलीचा. आठवडाभर क्यूबिकल आणि शनिवारी लेक प्लेझंट, असं आमचं अॅरिझोनातलं आयुष्य.

तारकर्लीला किंवा कलंगुटला तुम्ही ज्या वॉटर स्कूटरवर बसलात (म्हणजे पुढे तिथला पोरगा आणि मागे जीव मुठीत धरून तुम्ही), ती ही नव्हे. हिला सीटच नाही. मागे उघडा ट्रे, त्यात उभं राहायचं. पुढे बिजागरीवर वर-खाली होणारा दांडा, त्याच्या टोकाला हँडल. थांबलात की पडलात. 'जेट-स्की' हे खरं तर कावासाकीचं नाव, आपण झेरॉक्स म्हणतो तसं सगळ्यांना चिकटलेलं. आणि कावासाकीने १९७३मध्ये आणलेली जेट-स्की उभ्याचीच होती. कल्पना क्लेटन जेकबसन नावाच्या मोटरसायकल रेसरची. मोटोक्रॉसवाला माणूस पाण्यात उतरला की असलंच काहीतरी काढणार!

सम्याला यातलं फ्रीस्टाइल हवंय. उड्या, बॅरल रोल, नाक पाण्यात खुपसून पुन्हा वर येणं वगैरे. बजेट पंचवीसशे डॉलर. त्यातले हजार डिसेंबरच्या पुण्याच्या तिकिटाचे, हे त्याने मला नंतर सांगितलं. आईला अजून सांगितलेलं नाही.

एवढ्या पैशांत नवीचा विचारही करू नका. यामाहाची सुपरजेट २०२१पासून फोर-स्ट्रोक झाली आणि वजन गेलं १७० किलोवर. कावासाकीची २०१७मध्ये आलेली एसएक्स-आर तर अडीचशे किलोची. सरळ रेषेत तोफ, पण हवेत उचलायची कुणी? फ्रीस्टाइलला लागते आखूड आणि हलकी गाडी. म्हणजे वळायचं जुन्या टू-स्ट्रोककडे.

त्यातही कावासाकीच्या ४४० आणि ५५० स्वस्तात मिळतात, पण त्या अरुंद आणि दमाला कमी. तोल शिकायला ठीक, उडी मारायला नाही. ६५० एसएक्स (१९८७ ते ९३) म्हणजे बैल. मरत नाही, पण उडतही नाही. २००३ ते २०११मधली ८०० एसएक्स-आर मला स्वतःला फार आवडते. अंगापिंडाने भरलेल्या माणसाला ती मस्त सांभाळून घेते, पण वजन एकशेसाठ किलोच्या घरात. बोयांमधून रेस लावायची असेल तर बिनधास्त घ्या.

फ्रीस्टाइलवाल्यांची गाडी फिरून फिरून येते सुपरजेटवरच. साधारण १३० किलो, लांबी सव्वादोन मीटर. १९९० ते ९५ची चौकोनी नाकाची, ९६ ते २००७ची गोल नाकाची आणि २००८ ते २०२०ची तिसरी. बजेट तोकडं असेल तर चौकोनी नाक शोधा. वय तिशीच्या पुढे, पण पार्ट्स ढिगाने मिळतात आणि हिच्यावर हात घातलेले मेकॅनिकही. फक्त एक बघा. सुरुवातीच्या गाड्यांत ६३३ सीसीचं इंजिन होतं, ७०१चं आलं १९९४ला. नंतर कित्येकांनी जुन्या गाडीत ७०१ बसवलं आणि कित्येकांनी नुसतं बसवल्याचं सांगितलं! सिलिंडरवर ओतीव अक्षरं असतात. '६एम६' दिसलं तर ते ६३३च. '६१एक्स' किंवा '६२टी' असेल तर ७०१. विकणारा काहीही म्हणो.

तर शनिवारी सकाळी आम्ही सम्याची ती रंगीत परी बघायला गेलो. जांभळा-हिरवा रंग, दोन जाडजूड कार्ब्युरेटर, दांड्यावर स्टिकरच स्टिकर. किंमत चोवीसशे. सम्या तिच्याभोवती नवरदेवासारखा फिरत होता. मी आधी हेडला हात लावला. गरम! म्हणजे मालकाने आम्ही यायच्या आधीच सुरू करून ठेवली होती. थंड इंजिन पहिल्या झटक्यात कसं सुरू होतं हेच तर बघायचं असतं राव. वापरलेली गाडी बघायला जाताना 'थंड ठेवा' असं फोनवरच सांगा आणि तरीही हात लावाच.

मग कॉम्प्रेशन गेज. वीस-पंचवीस डॉलरचं हे खेळणं नसेल तर सौद्याला जाऊच नका. दोन्ही प्लग काढायचे, थ्रॉटल पूर्ण दाबून धरायचा आणि स्टार्टर मारायचा. दोन सिलिंडरमध्ये दहा टक्क्यांपेक्षा जास्त फरक आला तर इंजिन उघडावंच लागणार असं धरून चाला. इथे दोन्हीकडे १९०. सम्या खूश! मी नाही. एवढा आकडा म्हणजे हेड बदललेलं, साध्या पंपाचं पेट्रोल चालणार नाही, दर वेळी महागडं रेसिंगचं पेट्रोल शोधत फिरा. 'लीक टेस्ट केली होती का?' असं विचारलं, तर साहेब आभाळाकडे बघायला लागले.

तरीही सम्या पाकिटाला हात घालत होता. मी मागे जाऊन वाकलो. प्रत्येक गाडीच्या मागच्या बाजूला हल नंबर असतो, बारा अक्षरांचा. आपल्या चासी नंबरसारखा. तिथे सँडपेपरने घासून वर जांभळा रंग मारलेला.

"स्पीडला काय फरक पडतो त्याने?" सम्या.

"स्पीडला नाही. तुझ्या व्हिसाला पडतो."

कुठल्या राज्यात बोटीला टायटल मिळतं, कुठे नुसतं रजिस्ट्रेशन, पण नंबर सगळीकडे जुळावाच लागतो. चोरीचा माल निघाला तर गाडी जाते, पैसे जातात, आणि एच-वनवर असलेल्या माणसाला पोलिसांच्या कागदावर नाव येणं परवडत नाही. परतीच्या वाटेवर चाळीस मिनिटं सम्या माझ्याशी बोलला नाही.

पुढच्या शनिवारी गेलो लेक हवासूला. तीनेक तासांचं ड्राइव्ह, वाळवंटाच्या मधोमध निळंशार पाणी आणि त्यावर चक्क लंडनहून दगड आणून १९७१ला उभारलेला लंडन ब्रिज. जेट-स्कीच्या वर्ल्ड फायनल्स वर्षानुवर्षं याच गावात भरल्या. त्यामुळे गॅरेजा-गॅरेजांत जुन्या गाड्या पडलेल्या. आमची होती १९९४ची. पांढरा रंग पिवळा पडलेला, मॅट फाटलेली. पण इंजिन ओरिजिनल ६१एक्स, हेड थंडगार, कॉम्प्रेशन दोन्हीकडे जवळजवळ सारखं, नंबर कागदाशी जुळणारा.

मालक मावशींनी होज लावला. आधी इंजिन सुरू, मग पाणी. बंद करताना आधी पाणी बंद, मग इंजिन. हे आपसूक करणाऱ्या हातांवर माझा विश्वास बसतो. आम्ही ट्रेवर टिचक्या मारून पाहिल्या. टणक आवाज हवा, बद्द नको. दांड्याच्या बुडाशी तडे नाहीत. इम्पेलर हाताने फिरवला, बेअरिंगची खरखर नाही. शेवटची परीक्षा फुकटची. एकाने पुढून, एकाने मागून उचलायची. आतला फोम वर्षानुवर्षं पाणी पितो आणि गाडी जड होते. दोन धडधाकट माणसांना उचलली नाही तर सोडून द्या. आम्ही उचलली. सम्याची कंबर कुरकुरली, पण उचलली.

सतराशेला सौदा झाला. उरलेल्या आठशेतले निम्मे बाजूला ठेवायला लावले, कारण या वयाची गाडी पहिल्या महिन्यात काहीतरी मागतेच. बाकीच्यातून पहिली खरेदी कार्ब्युरेटर नव्हे, फूटहोल्ड. हवेत पाय ट्रेला धरून ठेवणारे ते पट्टे नसतील तर गाडी एकीकडे आणि तुम्ही दुसरीकडे. आणि सपाट पाण्यावर बॅकफ्लिप विसरा. त्याला कस्टम हल आणि दांडगं इंजिन लागतं, ते बजेट वेगळं. साध्या ७०१वर लाटेची मदत घेऊन उड्या जमतात. पण त्यासाठी दुसऱ्याच्या बोटीच्या अंगावर जाऊ नका, दंड होतो.

हो, एक राहिलंच. बाबांच्या चेतकमध्ये पेट्रोल भरताना ऑइल मिसळायचे, तसंच इथेही. पन्नासला एक. विसरलात तर माझ्यासारखे आजोबांच्या दोरीला लागाल. आणि तळं निवडताना नियम बघा. लेक टाहोवर कार्ब्युरेटरवाल्या टू-स्ट्रोकला १९९९पासून बंदी आहे.

रविवारी लेक प्लेझंटला सम्या उतरला. पोटावर झोपून हँडल धरायचं, थ्रॉटल दाबायचा, गुडघे आत, मग पाय. सकाळभर तो गुडघ्यांच्या पुढे गेला नाही. एकेचाळीस वेळा पडला, मी मोजत होतो. दुपारी अडीचला उभा राहिला, जेमतेम वीस सेकंद. ते मी मोबाइलवर पकडलं आणि त्याने संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर आईला दाखवलं. काकूंनी दोनदा पाहिलं.

"अरे, पण बसायला जागा नसलेली गाडी का घेतलीस?"

फोन मीच धरला होता. सम्याचे हात खांद्याच्या वर जात नव्हते.