आधीं नांव, मग खुरपें

जुन्नर-आंबेगांवकडील आम्ही सुशिक्षित लोक अंगणांत क्रोटनच्या कुंड्या हौसेनें मांडतों. पण बागेच्या पडीक कोपऱ्यांत आपण होऊन फुललेलें रोप मात्र ‘रान’ म्हणून उपटून टाकतों. नांव ठाऊक नाहीं, हा दोष फुलाचा कीं आमचा? अशा दुर्लक्षित जागींच केवढें धन असतें, याची साक्ष शिवनेरीचा कडा देईल. तेथील गर्द तांबड्या, चांदणीसारख्या फुलांच्या दुर्मिळ वनस्पतीस १८६५ च्या सुमारास डाल्झेलनें मुंबईचे गव्हर्नर फ्रेअर यांचें नांव दिलें. तिचें ‘शिंदळ माकुडी’ हें मराठी नांव आमच्यापैकीं कितीजणांस ठाऊक आहे? वनस्पतिशास्त्र काय केवळ परीक्षेपुरतें शिकलों? खुरपणीस येणाऱ्या बाईस आधीं विचारावें, मग कुकचा वनस्पतिग्रंथ उघडावा. खुरपें अगदीं शेवटीं चालवावें.