थोमाचे ते आठ दिवस

दृढीकरण संस्कार झाल्यानंतर अनेक कुमारवयीन मुलांच्या मनात प्रश्न उभे राहतात. देव खरोखर आहे काय? प्रार्थना ऐकली का जात नाही? हे प्रश्न ती घरी नव्हे, तर मित्रांपाशी बोलून दाखवितात. कारण तेथे बोलल्याने मैत्री तुटत नाही. पालकांना हा संगतीचा दोष वाटतो. वस्तुतः हा आपल्याला मिळालेला धडा आहे.

ख्रिस्तसभेने त्याची दखल घेतली आहे. ऑक्टोबर २०१८ मध्ये रोम येथे युवकांविषयी सिनड भरली. तिच्या पूर्वतयारीसाठी त्याच वर्षीच्या मार्चमध्ये सुमारे ३०० तरुण-तरुणी एकत्र आल्या. त्यांत धर्म न मानणारेही होते. पुढे २५ मार्च २०१९ रोजी पोप फ्रान्सिस ह्यांनी 'ख्रिस्तुस व्हिविट' ह्या प्रबोधनपत्रावर स्वाक्षरी केली. शंकाकुल युवकांसाठीही ख्रिस्तसभेचे दार उघडे असावे, असा आग्रह त्यात आहे.

शुभवर्तमानातील संत थोमाने पुनरुत्थानावर उघड अविश्वास दाखविला. तरीही आठ दिवसांनी तो शिष्यांसमवेतच होता. त्यांनी त्याला दूर लोटले नाही, म्हणूनच प्रभू आला तेव्हा थोमा तेथे हजर होता.

आपली धर्मग्रामे ते आठ दिवस देऊ शकतील काय? मुलाच्या प्रश्नाचे उत्तर आज सापडले नाही तरी चालेल. घरात आणि मंदिरात त्याची जागा मात्र राखली गेली पाहिजे.