पिल्लू सापडलं? आधी हात खिशात!

मार्च संपत आला की आपल्या हॉस्टेलवर दोन गोष्टी हमखास होतात. सबमिशनची धावपळ सुरू होते आणि कुठल्या ना कुठल्या रूममध्ये एक पिल्लू दाखल होतं. साळुंकीचं, बुलबुलचं, चिमणीचं, नाहीतर नुसतंच 'कसलं तरी'. बातमी मेसमध्ये पोचायला दहा मिनिटं पुरतात. बुटांचा खोका रिकामा होतो. कुणी ग्लुकोज बिस्किट दुधात कुस्करतो, कुणी ड्रॉपर शोधतो, कुणी मोबाईलवर फोटो काढतो. रात्री जेवणानंतर नामकरण. तिसऱ्या दिवशी खोका पार्किंगच्या मागच्या भिंतीपाशी जातो आणि पुढचा अर्धा तास त्या रूममध्ये कुणी फारसं बोलत नाही.

मित्रांनो, यात कुणाचंही मन वाईट नसतं. एरवी सकाळी आठच्या लेक्चरला न उठणारा प्राणी त्या पिल्लासाठी पहाटे चारचा अलार्म लावतो. मग चुकतं कुठे? माझं म्हणणं असं, की दया आपल्याकडे भरपूर आहे, धीर कमी आहे. समोर काही दिसलं की 'काहीतरी करायलाच हवं' ही आपली इंजिनिअरांची जुनी खोड. पण चालू मशीन उगाच उघडलं की काय होतं, हे मेकॅनिकलवाल्यांना वेगळं सांगायला नको. पिल्लांचंही तसंच आहे. जमिनीवर सापडणारी पुष्कळ पिल्लं बिघडलेली नसतातच!

म्हणून पहिला प्रश्न 'याला काय खायला देऊ?' हा नाही. पहिला प्रश्न 'याला खरंच माझी गरज आहे का?' हा आहे.

पिल्लाकडे नीट बघा. अंगावर पिसं आलेली आहेत, शेपटी आखूड आहे, चोचीच्या कडा पिवळ्या आहेत, टुणटुण उड्या मारतंय, पंख फडफडवतंय पण उडता येत नाही? मग ते पडलेलं नाही, घरट्यातून बाहेर निघालेलं आहे. साळुंकी, बुलबुल, दयाळ, कावळा यांची पिल्लं पुरतं उडता येण्याआधीच घरटं सोडतात. पुढचे काही दिवस ती झुडपात, कुंपणावर, जमिनीवर काढतात आणि आईबाप तिथेच येऊन त्यांना भरवतात. थोडक्यात, फर्स्ट इयरला हॉस्टेलवर आलेला मुलगा. घर सुटलंय, जमत काहीच नाही, पण डबा घरून येतोय. अशा पिल्लाला उचलून रूमवर नेणं म्हणजे मदत नाही, सरळ अपहरण आहे.

जून उजाडला की लेडीज हॉस्टेलच्या रस्त्यावर कावळे डोक्यावर टोचा मारतात, ही तक्रार दर वर्षी असते. त्याचं कारण हेच. खाली कुठेतरी त्यांचं पिल्लू उडायला शिकत असतं. कावळा टोचतोय म्हणजे पालक हजर आहेत, जागरूक आहेत. आपण चार दिवस दुसऱ्या रस्त्याने जावं, एवढाच त्यावर उपाय.

आईबाप आहेत की नाहीत हे कळायचं कसं? वीस-तीस पावलं लांब जाऊन गप्प बसा. तासभर तरी. आपण पिल्लाभोवती कोंडाळं करून उभे असलो तर कुठली आई जवळ येईल? जागा धोक्याची असेल, म्हणजे रस्ता, पार्किंग, कुत्र्या-मांजरांची वाट, तर पिल्लू हळूच उचलून जवळच्याच दाट झुडपात किंवा आडव्या फांदीवर ठेवा. जवळच्याच म्हणजे जिथून त्याची हाक आईला ऐकू येईल तिथे. दुसऱ्या गेटच्या बागेत नव्हे.

आता दुसरा प्रकार. पिल्लू उघडंबोडकं आहे, डोळे मिटलेले आहेत, पिसांच्या जागी नुसत्या काड्या दिसतायत. हे खरोखरच पडलेलं आहे. वळवाच्या पावसात वारं सुटलं की अशी पिल्लं हमखास सापडतात. याला हवं असतं फक्त घरटं. घरटं दिसत असेल आणि हात पोचत असेल तर परत ठेवून द्या. 'माणसाचा हात लागला की आई पिल्लाला टाकते' हे आपल्याला लहानपणापासून सांगितलं गेलंय, पण ते खरं नाही. एका स्पर्शाच्या वासावरून पक्षी आपलं पिल्लू टाकत नाहीत. घरटंच मोडलं असेल तर एखादी लहान परडी किंवा तळाला भोकं पाडलेला प्लास्टिकचा डबा घ्या, आत सुकं गवत घाला आणि त्याच झाडाला, सावलीत, घट्ट बांधा. मग लांबून लक्ष ठेवा. पुष्कळदा आईबाप तिथेच येऊन भरवायला लागतात. मात्र त्यासाठी तिसऱ्या मजल्याच्या पॅरापेटवर चढू नका. पिल्लाला वाचवताना हॉस्टेलाईट पडला तर त्याला कुठल्या घरट्यात ठेवायचा?

नियमाला अपवाद असतातच. टिटवीची पिल्लं अंड्यातून निघाल्यावर काही तासांतच धावायला लागतात. ग्राउंडच्या कडेला खड्यांच्या रंगाचं एखादं पिल्लू निपचित बसलेलं दिसलं तर ते आजारी नाही, तुमच्यापासून लपलंय. वर टिटवी ओरडत असतेच, तिचं ऐका आणि निघा. याउलट पाकोळी. आपल्या जुन्या इमारतींच्या छज्जांखाली पिसा-गवताची घरटी करणारी, संध्याकाळी घोळक्याने चीत्कारत फिरणारी. तिचे पाय इतके तोकडे, की एकदा जमिनीवर आली की तिला पुन्हा उडणं फार अवघड जातं. पाकोळीचं पिल्लू खाली दिसलं तर 'आई येईल' म्हणून थांबू नका. ती येणार नाही. अशा वेळी लगेच मदत हवी.

आणि मदत कधी लागतेच? रक्त दिसत असेल, पंख लोंबत असेल, पाय वाकडा असेल, अंगावर मुंग्या किंवा माश्या बसल्या असतील, अंग गार पडलं असेल, आईबाप मेलेले दिसत असतील, तर. आणखी एक महत्त्वाचं. मांजराच्या तोंडून सोडवलेलं पिल्लू वरून धडधाकट दिसलं तरी जखमीच समजा. मांजराच्या दातांची भोकं पिसांत दिसत नाहीत, पण तिच्या लाळेतले जंतू लहानशा पक्ष्याला एक-दोन दिवसांत संपवू शकतात. त्याला अँटिबायोटिक लागतं, आणि ते द्यायचं पशुवैद्यकाने. आपल्या रूममेटच्या उरलेल्या गोळ्या चालणार नाहीत.

अशा वेळी करायचं काय? खरं तर फार थोडं. पुठ्ठ्याचा खोका घ्या, हवेसाठी भोकं पाडा. आत जुना सुती टी-शर्ट अंथरा. टॉवेल नको, त्याच्या धाग्यांत नखं अडकतात. पिल्लू कापडात धरून आत ठेवा आणि झाकण लावा. बिनपिसांचं असेल तर त्याला स्वतःची ऊब टिकवता येत नाही. बाटलीत कोमट पाणी भरा, ती कापडात गुंडाळून खोक्याच्या एका बाजूला ठेवा. एकाच बाजूला, म्हणजे जास्त गरम झालं तर पिल्लाला सरकता येईल. मग खोका अंधाऱ्या, शांत खोलीत ठेवून द्या. सारखं झाकण उघडून बघायचं नाही, सगळ्या मजल्याला दाखवायचं नाही, गाणी नाहीत. आपल्याला जे लाड वाटतात ते त्याला शिकाऱ्याच्या तावडीत सापडल्यासारखं वाटतं. घुबड किंवा शिक्रा असेल तर नखं सांभाळा, जाड कापडाशिवाय धरू नका. शेवटी हात साबणाने धुवा. आणि एका ठिकाणी बरेच पक्षी मेलेले दिसले तर कशालाच हात न लावता पशुसंवर्धन विभागाला कळवा. 2006 मध्ये नवापूरला बर्ड फ्लू आला होता आणि 2021 मध्ये परभणी जिल्ह्यातही, हे विसरू नका.

आणि चोचीत काहीही घालू नका. पाणीसुद्धा नाही! हे ऐकायला निर्दय वाटतं, पण त्यामागे साधी रचना आहे. पक्ष्याच्या श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या मुळाशीच उघडतं. वरून ड्रॉपरने पाणी सोडलं की ते पोटाऐवजी फुप्फुसात जाऊ शकतं. 'छान पीत होतं आणि अचानक गेलं' या हॉस्टेलवरच्या गोष्टीचा अर्थ बऱ्याचदा एवढाच असतो. दूध तर नकोच, पक्ष्यांना ते पचत नाही. बिस्किट, पोळी, भात यांनीही भागत नाही. दाणे खाणारी चिमणीसुद्धा आपल्या पिल्लांना अळ्या नि किडे भरवते. शिवाय गार पडलेल्या पिल्लाला अन्न पचत नाही. आधी ऊब, मग जाणकार, मग अन्न. हा क्रम बदलायचा नाही.

जाणकार म्हणजे कोण? महाराष्ट्र वनविभागाचा 1926 हा टोल-फ्री क्रमांक आहे. नागपुरात सेमिनरी हिल्सला वनविभागाचं वन्यप्राणी उपचार केंद्र आहे, पुण्यात बावधनला आहे, मुंबईत परळचं प्राण्यांचं जुनं हॉस्पिटल आहे. इतर ठिकाणी जवळचं वनपरिक्षेत्र कार्यालय, सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना किंवा गावातला पक्षिमित्र. यातलं कोण आपल्या जवळ आहे हे पिल्लू सापडण्याआधी माहीत हवं, रात्री अकराला शोधायची ही गोष्ट नव्हे.

"पण आम्हीच नीट वाढवू की!" असं म्हणणारे दर वर्षी असतात. वाढवाल, पण कसं? लहान पिल्लाला सकाळपासून संध्याकाळपर्यंत दर अर्ध्या-पाऊण तासाने भरवावं लागतं. पीएल आणि ओरलच्या दिवसांत हे कोण करणार? आणि परीक्षा संपल्यावर रिझर्व्हेशन असतं आपलं, पिल्लाचं नसतं. त्यातूनही ते जगलंच तर माणसाला आईबाप समजू लागतं. कॉनराड लॉरेन्झ या शास्त्रज्ञाने कलहंसांच्या पिल्लांवर हे दाखवून दिलं. जन्मल्यावर पहिल्यांदा दिसलेल्या लॉरेन्झच्याच मागे ती चालायची. 1973 मध्ये त्याला नोबेल मिळालं, पण आपल्या खांद्यावर बसणाऱ्या साळुंकीला काय मिळतं? तिला मांजर ओळखता येत नाही, किडा शोधता येत नाही, दुसऱ्या साळुंक्यांची भाषा कळत नाही. सोडलं की चार दिवसांत संपते. शिवाय 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे रानपक्षी घरात ठेवणं गुन्हा आहे, आणि पोपटसुद्धा रानपक्षीच आहे, हे पिंजरेवाल्यांनी लक्षात घ्यावं.

काही जण दुसऱ्या टोकाला असतात. "मरू दे रे, निसर्ग आहे." अर्धं खरं आहे. लहान पक्ष्यांची बरीच पिल्लं पहिलं वर्ष पुरं करत नाहीत. शिक्र्याने एखादं उचललं तर त्यालाही घरी पिल्लं आहेतच. पण फांद्यांवर चाललेली इलेक्ट्रिक करवत हा निसर्ग नाही. मेसच्या उघड्या ड्रमवर पोसलेली दहा मांजरं हाही निसर्ग नाही. जे आपण मोडलं, ते निस्तरायची जबाबदारी निसर्गावर कशी ढकलायची?

आणि इथेच सरांना आणि ऑफिसला नम्र विनंती. कॅम्पसवरची छाटणी पावसाळ्याआधी म्हणून मे महिन्यात होते, म्हणजे नेमकी घरटी भरलेली असताना. ती डिसेंबरात घ्या, आणि करवत लावण्याआधी कुणीतरी वर बघून घरटं नाही ना हे तपासा. व्हेंटिलेटरला जाळ्या बसवायच्या आणि छज्जे रंगवायचे तर तेही विणीच्या हंगामाबाहेर. मेसच्या ड्रमांना झाकणं. आणि वॉचमनकाकांच्या केबिनमध्ये एक रिकामा खोका, एक जुना टी-शर्ट आणि फोन नंबरांचा कागद. या सगळ्याला बजेट मंजूर करून घ्यावं लागेल असं वाटत नाही.

सालिम अली लहान असताना त्यांनी एअरगनने एक चिमणी मारली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कोणती, हे घरात कुणालाच सांगता येईना, तेव्हा तो मुलगा ती घेऊन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत मिलार्डसाहेबांकडे गेला. पुढे त्या मुलाने काय केलं ते सगळ्यांना माहीत आहे. त्याची चिमणी मेलेली होती, तुमची अजून जिवंत असेल. पण आपल्याला माहीत नाही, तर ज्याला माहीत आहे त्याच्याकडे जावं, ही बुद्धी दोन्हीकडे तेवढीच उपयोगी.

तेव्हा येत्या हंगामात पिल्लू दिसलं की आधी हात खिशात घाला, लांब जा, बघा. गरज नसेल तर निघून या. गरज असेल तर खोका, ऊब, अंधार आणि फोन. नाव ठेवायचं राहिलं तरी चालेल.