सर्व्हर जुना घ्यावा कीं नवा ?

एका सार्वजनिक वाचनालयाच्या चिटणीसांनीं आमच्यापुढें नुकताच एक प्रश्न ठेवला. वाचनालयांतील जुन्या मासिकांचे अंक आतां हात लावतांच तुटूं लागले आहेत. म्हणून त्यांच्या पानांचीं छायाचित्रें घेऊन तीं सभासदांस संगणकावर वाचावयास द्यावयाचीं, असें कार्यकारी मंडळानें ठरविलें. अशा वेळीं एका हितचिंतकानें आपल्या कचेरींतून काढलेला, २०१२ सालच्या सुमाराचा, दोन प्रोसेसरांचा सर्व्हर वाचनालयास विनामूल्य देऊं केला. मंडळांतील वडील मंडळी म्हणतात, "आलेली वस्तु नाकारूं नये." तरुण मंडळी म्हणतात, "हें भंगार आहे." चिटणीसांस दोन्ही पक्ष खरे वाटतात ! हा प्रश्न आमच्या वाचकांच्या संस्थांत, कचेऱ्यांत व क्वचित् घरांतहि उद्भवण्यासारखा असल्यामुळें त्याचा थोडा सविस्तर विचार येथें करण्याचें योजिलें आहे.

उदाहरणादाखल दोन प्रोसेसर समोरासमोर ठेवूं. पहिला इंटेल कंपनीचा झिऑन ई५-२६७०. हा २०१२ सालीं बाजारांत आला. दुसरा एएमडी कंपनीचा एपिक ९६५४. हा २०२२ सालचा. पहिल्यांत ८ कोअर, म्हणजे स्वतंत्रपणें काम करणारे गाभे आहेत, दुसऱ्यांत ९६. आतां वेग पाहा. पहिल्याचा मूळ वेग २.६ गिगाहर्ट्झ, दुसऱ्याचा २.४. म्हणजे दहा वर्षांनीं जन्मलेल्या प्रोसेसरचा मूळ ठोका जुन्यापेक्षां मंदच ! जोर करण्याचा प्रसंग आला, तर पहिला ३.३ पर्यंत चढतो व दुसरा ३.७ पर्यंत. हें अंतरहि डोळे दिपविणारें नव्हे.

याचें कारण उष्णतेंत आहे. ट्रान्झिस्टर लहान होत जातील तसतसा त्यांस लागणारा विजेचा दाबहि कमी करतां येईल व म्हणून तेवढ्याच जागेंत तेवढीच उष्णता उत्पन्न होईल, असें रॉबर्ट डेनार्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९७४ सालीं दाखविलें होतें. तीस वर्षें या नियमानें वेग वाढत गेला. परंतु ट्रान्झिस्टर अतिसूक्ष्म झाल्यावर त्यांतून वीज झिरपूं लागली, दाब आणखी उतरेना, आणि ठोका वाढविला कीं यंत्र तापूं लागलें. इंटेलचा पेंटियम ४ हा २००४ सालीं ३.८ गिगाहर्ट्झपर्यंत पोंचला; पुढचा ४ गिगाहर्ट्झचा बेत कंपनीनें सोडून दिला. एकाला अधिक पळवितां येत नाहीं, तर अनेकांस कामास लावावें, हाच मार्ग तेव्हां उरला. २००५ सालीं एएमडीनें सर्व्हरसाठीं दोन कोअरचा ऑप्टेरॉन काढला, आणि तेथून ही संख्या वाढत ९६ च्याहि पुढें गेली आहे.

नवा कोअर जुन्यासारखाच आहे, असा मात्र याचा अर्थ नव्हे. त्याच्या प्रत्येक ठोक्यांत पूर्वीपेक्षां अधिक काम उरकतें. हाताशीं लागणारी माहिती ठेवण्याची जागा, जिला कॅश म्हणतात, ती पहिल्या प्रोसेसरांत २० मेगाबाइट होती, दुसऱ्यांत ३८४ आहे. मुख्य मेमरीकडे जाणाऱ्या वाटा ४ होत्या, त्या १२ झाल्या. त्यामुळें एकटा कोअरहि जुन्यास मागें टाकतो. परंतु कोअर बारापट झाले म्हणून प्रत्येक काम बारापट लवकर होईल, अशी आशा धरूं नये.

आमच्या भगिनींस हें पापडांच्या उदाहरणावरून सहज कळेल. पीठ कुटून लाट्या तयार होईपर्यंत लाटणाऱ्यांस बसून राहावें लागतें. मग त्या आठ असोत कीं शहाण्णव. हीच गोष्ट जीन अॅमडाल यांनीं १९६७ सालीं गणितानें मांडली. एखाद्या कामाचा फक्त दहावा हिस्सा एकट्यानेंच करण्यासारखा असला, तर ८ कोअर लावून तें काम पावणेपांचपट लवकर होतें, आणि ९६ लावून केवळ नऊपट. उलट, शंभर माणसें शंभर निरनिराळ्या मागण्या घेऊन आलीं असतां कोणास कोणासाठीं थांबावें लागत नाहीं, व नव्या प्रोसेसरचें सामर्थ्य तेथें पूर्णपणें दिसून येतें.

आतां खर्चाकडे वळूं. पहिल्या प्रोसेसरची नेमून दिलेली उष्णतेची मर्यादा ११५ वॉट, दुसऱ्याची ३६० वॉट. दर कोअरमागें हिशेब केला, तर पहिल्यास सुमारें १४ वॉट व दुसऱ्यास पावणेचार वॉट पडतात. बाजारांत येतेवेळची घाऊक किंमत पाहिली, तर पहिला १,५५२ डॉलरांस होता, दुसरा ११,८०५ डॉलरांस. म्हणजे दर कोअरमागें १९४ व १२३ डॉलर. तेव्हां शहाण्णवहि कोअरना पुरेल इतकें काम ज्याच्यापाशीं आहे, त्यासच नवा प्रोसेसर स्वस्त. वाचनालयाच्या सभासदांस पानें दाखविण्यास इतकें बळ कशास हवें ? चार-आठ कोअरचें नव्या पिढींतील लहान यंत्रहि तें काम सुखानें करील.

राहिला तो दानाचा सर्व्हर. धर्माच्या गाईचे दांत पाहूं नयेत हें खरें. पण तिचा चारा मोजावाच लागतो. दोन प्रोसेसर, पंखे व डिस्का मिळून तो सरासरी २०० वॉट घेतो असें धरूं. रात्रंदिवस चालून वर्षास १,७५२ युनिटें होतील. युनिटास दहा रुपये धरले तर १७,५२० रुपये झाले. लहान नवें यंत्र ५० वॉट घेईल असें मानलें, तर तोच खर्च ४,३८० रुपये. वर्षाकांठीं १३,१४० रुपयांचा फरक पडतो, आणि तो दरवर्षीं पडतो !

दुसरी अडचण सुरक्षिततेची. जानेवारी २०१८ मध्यें मेल्टडाउन व स्पेक्टर या नांवांचे दोष उघडकीस आले. इंटेलच्या जुन्या प्रोसेसरांस त्या दोन्हींची बाधा होती. त्यांवरील उपायांनीं यंत्राचा कांहीं वेग खर्चीं पडतो, व जुन्या पिढ्यांस तो भार अधिक जाणवतो. शिवाय नव्या प्रणाली जुन्या प्रोसेसरांस हळूहळू सोडून देत आहेत. २०२५ सालीं निघालेल्या रेड हॅट एंटरप्राइज लिनक्सच्या दहाव्या आवृत्तीस एव्हीएक्स-२ हा आज्ञासमूह अवश्य लागतो, आणि २०१२ च्या त्या झिऑनमध्यें तो नाहीं.

तर मग दान परत करावें काय ? आमच्या मतें करूं नये. रोजच्या सेवेस लहान नवें यंत्र घ्यावें. जुन्या सर्व्हरांत नव्या डिस्का बसवून तो दुसऱ्या इमारतींत ठेवावा. आठवड्यांतून एकदां सुरू करून सर्व छायाचित्रांची दुसरी प्रत त्यावर उतरवावी व पुन्हां बंद करावा. बाहेरच्या जाळ्याशीं त्याचा संबंध ठेवूं नये. अशा रीतीनें चालविला तर त्याचें विजेचें बिल नगण्य होईल. मंडळांतील तरुणांस सर्व्हर उघडून शिकण्यासहि तो उपयोगी पडेल, आणि देणाऱ्याचा मानहि राहील.

प्रोसेसर दहा वर्षांनीं पुन्हां बदलावा लागेल, व तेव्हां आजचा नवाहि जुना ठरेल. त्याची खंत नको. परंतु जें पान छायाचित्र घेतल्यानंतर चुरून गेलें, त्याची प्रत हरवली तर ती कोणत्याहि किंमतीस मिळणार नाहीं. म्हणून चिटणीसांस आमची एवढीच विनंति, कीं वेगाचा वाद मंडळानें पुढच्या सभेवर टाकला तरी चालेल; दुसऱ्या प्रतीची व्यवस्था मात्र याच सभेंत मंजूर करून घ्यावी.