ठिगळाचा उपदेश आणि शिवणाऱ्या हातांची मजुरी

ग्वारीघाटावर नर्मदेला वाहिली जाणारी चुनरी हे जबलपूर शहरातील बहुधा सर्वांत अल्पायुषी वस्त्र असावे. घाटावर ती विकत घेतली जाते, प्रवाहात सोडली जाते आणि लवकरच ओल्या निर्माल्याच्या ढिगातून सफाई कामगाराच्या हाती येते. तिची किनार कोणी शिवली आणि त्या शिलाईचे किती पैसे पदरात पडले, हा प्रश्न विकणाराही विचारीत नाही आणि वाहणाराही विचारीत नाही. याच शहरात गोहलपूर आणि लेमा गार्डनच्या परिसरात तयार सलवार-सूट शिवण्याचा मोठा व्यवसाय आहे. त्या मालाने जबलपूरचे नाव दूरवरच्या बाजारपेठांत पोहोचविले. शिवणारे हात मात्र अनामिकच राहिले.

अशा शहरांतील तरुणांपुढे आता एक नवा उपदेश येऊन ठेपला आहे. कपडा टाकू नका, त्याला नवे रूप द्या. जुन्या जीन्सची पिशवी करा, विटलेल्या सदऱ्यावर भरतकाम करा, ठिगळ अभिमानाने मिरवा, असे हा उपदेश सांगतो. तो करणारे कोणी सर्वोदयी कार्यकर्ते नाहीत. तयार कपडे विकणाऱ्या बड्या कंपन्या आणि त्यांची साखळी दुकाने हेच त्याचे प्रचारक आहेत. कोठे दुकानातच शिवणयंत्र मांडले जाते, कोठे स्पर्धा भरते, कोठे जुन्या कपड्यांची पिशवी आणणाऱ्यास सवलत मिळते. दर हंगामाला नवा माल खपविण्यावर ज्यांचा नफा उभा आहे, तेच जुना माल जपण्याचे धडे देऊ लागले, तर त्यामागील हिशेब तपासणे भाग पडते.

उपदेशाचा पूर्वेतिहास

ही कल्पना नवी नाही. १९६० च्या दशकात अमेरिकेतील बंडखोर तरुणांनी आपल्या जीन्सवर ठिगळे लावली, फुले भरली, घोषणा लिहिल्या. बाजाराने ठरविलेला पोशाख नाकारण्याची ती त्यांची रीत होती. १९७३-७४ मध्ये लिव्हाइस कंपनीने सजविलेल्या डेनिम कपड्यांची एक स्पर्धाच जाहीर केली. सुमारे दोन हजार प्रवेशिका आल्या आणि निवडक कपड्यांचे प्रदर्शन भरले. बाजाराविरुद्ध उचललेली सुई अशा रीतीने बाजाराच्या जाहिरातीत ओवली गेली. रात्री जागून भरतकाम केले तरुणांनी. कीर्ती मिळाली कंपनीला.

पुढचे उदाहरण अधिक बोलके आहे. स्वीडनच्या एच अँड एम कंपनीने २०१३ पासून जगभरातील आपल्या दुकानांत जुने कपडे स्वीकारण्याची योजना सुरू केली. जुन्या कपड्यांची पिशवी द्यावी आणि त्या बदल्यात नव्या खरेदीवरील सवलतीचे कूपन घ्यावे, अशी तिची रचना. महाराष्ट्रातील घराघरांत बोहारणीचा व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. ती जुने कपडे घेऊन भांडे देत असे. ते भांडे वर्षानुवर्षे संसारात राही. कंपनीची बोहारीण जुना कपडा घेते आणि त्या मोबदल्यात आणखी एक कपडा घेण्याचे आमंत्रण देते. कपाटातील एक जागा रिकामी होते ती दुसऱ्या कपड्याने भरण्यासाठीच.

उत्पादनाचा आकडा काय सांगतो?

उपदेशाचा खरेपणा उत्पादनाच्या आकड्यांवर घासून पाहिला पाहिजे. जगातील वस्त्रतंतूंचे उत्पादन २००० साली सुमारे ५ कोटी ८० लाख टन होते. २०२३ मध्ये ते सुमारे १२ कोटी ४० लाख टनांवर गेले. ज्या काळात 'पुन्हा वापरा'ची घोषणा दुकानांच्या काचांवर झळकू लागली, त्याच काळात उत्पादन दुपटीहून अधिक वाढले. या तंतूंपैकी निम्म्याहून अधिक पॉलिएस्टर आहे, म्हणजे खनिज तेलापासून बनविलेला धागा. जुन्या कपड्यापासून पुन्हा नव्या कपड्याचा धागा होण्याचे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी आहे. सूत आणि पॉलिएस्टर यांच्या मिश्रणाचे कापड वेगळे करणे कठीण आणि खर्चिक असते. पानिपतच्या कारखान्यांत जगभरातून आलेल्या चिंध्या पिंजून त्यांची हलकी सुते व कांबळी केली जातात, आणि तेथील कामगार त्या पिंजणीची धूळ छातीत भरून घेतो.

या प्रवाहापुढे एखाद्या विद्यार्थिनीने दोन सदरे जपले, तर तिचा विवेक प्रशंसनीयच आहे. परंतु आभाळ फाटले असता ठिगळ कोठे कोठे लावणार? फाडणारा हात मोकळा राहिला आणि ठिगळ लावणाऱ्या हातालाच तेवढे कर्तव्य शिकविले गेले, तर त्या शिकवणीला दिशाभूल म्हणावे लागते. मालकाच्या अतिउत्पादनाचा दोष ग्राहकाच्या सवयींवर ढकलणे, हाच या उपदेशाचा खरा उपयोग आहे.

दुरुस्तीची हाक प्रामाणिक केव्हा असते, याचेही उदाहरण इतिहासात आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सरकारने जुने कपडे दुरुस्त करून वापरण्याची मोहीम १९४३ मध्ये जोरात चालविली. त्याआधी, जून १९४१ पासून, कपड्यांवर शिधावाटप लागू झाले होते. साध्या, टिकाऊ कपड्यांचे नमुने सरकारने ठरविले होते आणि त्यांच्या किमतींवर नियंत्रण होते. नागरिकाला सुई हाती घेण्यास सांगण्यापूर्वी कारखानदाराच्या कात्रीवर बंधन आले होते. त्याच साम्राज्याच्या अमलाखालील हिंदुस्थानात चित्र उलटे होते. येथे कापडाची टंचाई आणि काळाबाजार यांनी गरिबांची लाज उघडी पडली, गिरणीमालकांनी युद्धकाळात अमाप नफा कमावला, आणि कापड व सुतावरील नियंत्रणाचा आदेश निघण्यास १९४३ साल उजाडावे लागले. आजच्या कंपन्यांना पहिल्या उदाहरणातील उपदेश हवा आहे. त्यातील नियंत्रण मात्र नको आहे.

शिलाई कोणाची?

या मोहिमेतील सर्वांत मोठे मौन शिलाईच्या मजुरीविषयीचे आहे. दुकानातील तरुणाला सांगितले जाते की, स्वतः शिवा म्हणजे श्रमाचे मोल कळेल. हे मोल कळलेले लाखो लोक आधीपासूनच या देशात आहेत. त्यांना ते मिळत नाही, एवढाच प्रश्न आहे.

जबलपूरला या पद्धतीची ओळख नव्याने करून देण्याची गरज नाही. विडी उद्योगाने हीच व्यवस्था येथे घरोघरी रुजविली. पान व तंबाखू ठेकेदाराची, घर आणि हात बाईचे, मजुरी हजारी विड्यांवर. दीर्घ लढ्यांनंतर १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने घरी विडी वळणाऱ्या स्त्रीला कामगार म्हणून मान्यता दिली. तिचे ओळखपत्र, तिचा कल्याण निधी यांचा उगम त्या मान्यतेत आहे. घरी बसून कपडे शिवणाऱ्या स्त्रीसाठी असा स्वतंत्र कायदा कधीच झाला नाही. घरकामगारांविषयीचा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १९९६ चा करार भारताने अद्याप मान्य केलेला नाही.

कापलेल्या कापडाचा गठ्ठा घरी येतो आणि नगावर मजुरी ठरते. यंत्र तिचे, विजेचे बिल तिचे, दिव्याखाली ताणलेले डोळेही तिचेच. नग बिघडला तर मजुरी कापली जाते. काम आले नाही तर दिवस रिकामा जातो. कारखान्याचे छप्पर, भाडे आणि देखरेख यांचा खर्च मालकाने तिच्या घरावर टाकलेला असतो. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या मुंबईच्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांच्या संपानंतर गिरण्या एकामागून एक थंडावल्या. विणकाम मागांच्या गाळ्यांत आणि शिवणकाम घरांत विखुरण्याच्या प्रक्रियेला त्यामुळे वेग आला. कापड संपले नाही, शिलाईही संपली नाही. संपली ती कामगारांची एका दरवाजापाशी एकत्र येण्याची जागा.

कारखान्यात शिवणाऱ्यांची स्थितीही फारशी निराळी नाही. मध्य प्रदेशात २०१४ नंतर किमान वेतनाचे दर सुधारण्यास जवळजवळ दहा वर्षे लागली, वस्तुतः १९४८ च्या कायद्याने पाच वर्षांत फेरविचार बंधनकारक केला होता. १ एप्रिल २०२४ पासून नवे दर लागू झाले, तेव्हा कापड उद्योगातील मालकांसह मालक संघटनांनी उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठातून त्यांना स्थगिती मिळविली. ती उठण्यास डिसेंबर उजाडला. जुन्या कपड्याला नवे आयुष्य देण्याची भाषा ज्या उद्योगात बोलली जाते, त्याच उद्योगात जुन्या मजुरीचे आयुष्य लांबविण्यासाठी न्यायालयाचे दार ठोठावले जाते.

मार्क्सने 'भांडवल'च्या पहिल्या खंडात लंडनमधील मेरी ॲन वॉकली या वीस वर्षांच्या शिवणकाम करणाऱ्या मुलीच्या मृत्यूची नोंद केली आहे. जून १८६३ मध्ये राजघराण्यातील नृत्यसमारंभासाठी उमरावांच्या स्त्रियांचे पोशाख तयार करताना ती सलग साडेसव्वीस तास काम करीत होती. त्यानंतर दीडशे वर्षांनी, २४ एप्रिल २०१३ रोजी, ढाक्याजवळील राणा प्लाझा ही इमारत कोसळून अकराशेहून अधिक माणसे ठार झाली. त्यांतील बहुतेक पाश्चात्त्य बाजारपेठेसाठी कपडे शिवणारे कामगार होते. इमारतीला तडे गेल्याचे आदल्या दिवशी दिसूनही त्यांना कामावर बोलाविले गेले. त्या दुर्घटनेनंतर जे थोडे बदलले, ते ग्राहकांना केलेल्या उपदेशाने बदलले नाही. कामगार संघटनांच्या आणि जनमताच्या रेट्यामुळे अनेक बड्या कंपन्यांना आग आणि इमारत सुरक्षेच्या कायदेशीर बंधनकारक करारावर सह्या कराव्या लागल्या, तपासण्या झाल्या, जिने आणि दरवाजे दुरुस्त झाले. बंधन आले तेव्हाच भिंती सावरल्या.

एका आक्षेपाचे उत्तर

येथे असा आक्षेप घेतला जाईल की, दुरुस्ती ही चांगलीच गोष्ट आहे. भांडवलदाराने सांगितली म्हणून ती वाईट कशी ठरते? ती वाईट ठरत नाही. श्रमिक वर्गाला काटकसर कंपन्यांनी शिकविलेली नाही. जुन्या लुगड्यांची गोधडी, मोठ्या भावाच्या सदऱ्यातून धाकट्याचे झबले, उसवलेल्या शिवणीवर पुन्हा टाका, हे गिरणगावाच्या चाळीत होते आणि जबलपूरच्या आयुधनिर्माणी कामगारांच्या वसाहतींतही होते. त्या ठिगळाला कोणी कला म्हटले नाही. शाळेत त्याची लाजच वाटत असे. आज तेच ठिगळ श्रीमंत दुकानात चढ्या किमतीला विकले जाते आणि गरिबाच्या अंगावर मात्र ते गरिबीचेच चिन्ह राहते.

सुई हाती घेणाऱ्या तरुणाची टिंगल करण्याचे पाप कोणत्याही कार्यकर्त्याने करू नये. उलट, जो स्वतः एक बाही उसवून पुन्हा बसवितो, त्याला एक गोष्ट ताबडतोब उमगते: दुरुस्तीला नव्या शिलाईहून अधिक वेळ लागतो. आधी टाके जपून उसवावे लागतात, कापड फाटू द्यावयाचे नसते, मग नवे माप बसवावे लागते. कोपऱ्यावरचा शिंपी किंवा रफूगर या कामाचे पैसे मागतो, तेव्हा ते महाग वाटतात. कारण शेजारच्या दुकानात नवा सदराच तेवढ्या किमतीत मिळतो. दुरुस्तीहून नवा कपडा स्वस्त कसा, हा प्रश्न ज्या तरुणाच्या मनात उभा राहिला, तो नगावरील मजुरीच्या दारापर्यंत आपल्या पायांनी चालत आला आहे. त्याला तेथून पुढे नेणे, हे संघटनेचे काम आहे.

मागणी कोणती?

त्यासाठी कंपन्यांच्या उपदेशाला घोषणेने नव्हे, नेमक्या प्रश्नांनी उत्तर दिले पाहिजे. वर्षाला किती नग तयार करविले? किती न विकता पडून राहिले आणि त्यांचे काय केले? प्रत्येक नगाच्या किमतीतील किती पैसे तो शिवणाऱ्या हाती पडले? या तीन आकड्यांपुढे दुकानातील शोभेचे शिवणयंत्र फार वेळ टिकणार नाही.

हे आकडे मागणे स्वप्नरंजन नाही. फ्रान्सने २०२० मध्ये न विकलेला माल नष्ट करण्यास कायद्याने मनाई केली. युरोपीय संघाच्या २०२४ च्या नियमाने मोठ्या कंपन्यांवर न विकलेले कपडे नष्ट न करण्याचे आणि टाकून दिलेल्या मालाचा हिशेब जाहीर करण्याचे बंधन घातले. जेथे राज्यसंस्था भांडवलदारांच्याच हाती आहे, तेथेही हे घडू शकले. मग ज्या देशात कपडे शिवले जातात, तेथील कामगारांनी कमी का मागावे? घरी शिवणाऱ्या स्त्रीची कामगार म्हणून नोंद, नगाच्या दराला किमान वेतनाचा आधार, यंत्र व विजेच्या खर्चाची भरपाई आणि मूळ कंपनीची जबाबदारी, या मागण्या गोहलपूरच्या गल्लीत जितक्या लागू आहेत, तितक्याच भिवंडी, सोलापूर आणि तिरुप्पूर येथेही आहेत.

एकेकाळी गोंदियाहून अरुंद रुळांची गाडी ग्वारीघाटावरून जबलपुरास जात असे. विदर्भातील मराठी कष्टकऱ्याला नर्मदेकाठचा कष्टकरी त्या रुळांनी जोडला होता. आज दोघांच्याही अंगावरील कपडा एकाच बाजारातून येतो आणि त्या कपड्याची शिवण एकाच प्रकारच्या हातांनी घातलेली असते. युवक, महिला आणि कामगार संघटनांनी या शिवणीचा माग काढीत तिच्या मजुरीपर्यंत पोहोचावे. कपडा जपण्याचा सल्ला श्रमिकांनी जरूर ऐकावा. पण तो देणाऱ्याला त्याच दमात विचारावे की, शिवणाऱ्या बाईचे पैसे केव्हा चुकते करणार?